लाडवात काजू नव्हता

परभणी,
पौष वद्य पंचमी, शके १८६६

सौ. सुमंगला हीस,

तू गेल्यापासून पत्र नाही. नांदेडचं टपाल परभणीला दुसऱ्या दिवशी पोचतं, तेव्हा दोष टपालावर ढकलू नये. पद्मी कशी आहे? इथं पाळणा तसाच टांगलेला आहे. आई तो काढू देत नाही आणि त्याच्याकडे बघतही नाही.

पत्र मुख्यतः आईसाठीच लिहितो आहे. बारशाच्या दिवशी, घर बायकांनी भरलेलं असताना, तोंडात पहिलाच घास घेऊन तू ओरडलीस, "लाडवात काय घातलंय?" तुझे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, तेही सगळ्यांनी पाहिलं. पण लोकांच्या ध्यानात राहिलं ते तुझं वाक्य. सासूनं बाळंतिणीला काहीतरी घातलं, एवढं आपल्या गल्लीला महिनाभर पुरतं. परवा सत्यनारायण झाला. आईच्या हातचा प्रसाद बायांनी घेतला, पदराखाली धरला आणि तशाच घरी गेल्या. आईनं ते पाहिलं. मी ते पाहिलं, हेही तिनं पाहिलं. आम्ही दोघांनी मग भांडी आवरली.

मी मुन्सफ कोर्टातला अहलकार माणूस, दिवसभर लोकांची बयानं उर्दूत उतरवून घेतो, म्हणून मुद्द्याचं बोलतो. तुला काजू चालत नाही हे तू लग्न झाल्या झाल्या सांगितलं होतंस. हैदराबादेला मामांकडे काजूची बर्फी खाऊन अंग फुललं होतं म्हणून. आईनं ते लक्षात ठेवलं. तुला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही इथंच केलं, आणि डिंकाच्या लाडवात तिनं काजूचा तुकडासुद्धा पडू दिला नाही. बाळंतिणीला ताकद हवी म्हणून त्याऐवजी गोडंबी घातली. आपलं पालमचं शेत करणाऱ्या मुंजाजीकडून बिब्बे मागवले, हाताला तेल चोपडून एकेक फोडला, आतली गोडंबी काढली. बिब्ब्याचा चीक उडून तिची बोटं उतली, आठ दिवस तिला वरणभात कालवता येत नव्हता. सुनेसाठी जी बोटं जाळून घेते ती विष घालील का, याचा तूच विचार कर.

सव्वा महिन्याला तू तोच लाडू त्याच बायकांसमोर पुन्हा खाल्लास, तेव्हा तुला थोडा त्रास झाला, हे मी नाकारत नाही. पण मनानं धास्ती घेतली की अंगावर येतं, असं आमच्या कोर्टातल्या दोन वकिलांचं मत पडलं.

एवढंच कर. दोन ओळी लिही, की तेव्हा तोंडून चुकून गेलं. मी त्या बायकांना वाचून दाखवीन आणि तुला न्यायला येईन.

उद्धव


परभणी,
माघ शुद्ध दशमी

सौ. सुमंगला हीस,

तुझं पत्र नाहीच आलं. तुझ्या दादाचं आलं. बन्सीधरराव लिहितात, नांदेडला मुंबईहून शिकून आलेले कुणी डॉक्टर दिनकरराव आहेत, त्यांनी तुला तपासलं. गोडंबीची परीक्षा त्यांना करायची आहे, पण तुझ्या अंगावर करायची त्यांची तयारी नाही. जीव जाईल म्हणतात. तुझं रक्त काढून ठेवलंय आणि दुसऱ्या कुणाचातरी निरोगी हात पाहिजे. शेवटी दादा लिहितात, "हात तुमचाच असावा असं मला वाटतं. लाडूही तुमच्याच घरचा आणा."

येतो. हात देतो. कुणाला भीती नाही. लाडवाचा डबा आईनं स्वतः फडक्यात बांधून दिलाय आणि म्हणाली, "त्या डाक्टराला म्हणावं, खाऊन बघ. उरला तर सुमंगलेच्या भावाला दे. निदान उपाशी तरी न्हाई धाडलं म्हणतील."

एकदा परीक्षा होऊन जाऊ दे. सबूत म्हणतात तो हाच. मग कुणी कुणापुढं खाली मान घालायची ते ठरेल.

उद्धव


परभणी,
माघ वद्य द्वादशी

सुमंगला,

परत येऊन चार दिवस झाले. रोज दौत काढून बसतो आणि कोर्टाचंच काम करतो.

तू माझ्यासमोर आली नाहीस ते बरं केलंस. दादांनी मला ओसरीवर गादी घालून दिली, हाताला पाणी दिलं, ताटात वाढून दिलं. आतून पद्मी रडायला लागली की मी घास तसाच धरून बसायचो. मग तू तिला घेत असशील, कारण आवाज थांबायचा. दादा म्हणाले, "दाजी, वाईट वाटून घिऊ नका. ती म्हणाली, आत्ता भेटायचं न्हाई."

डॉक्टरांचं सांगतो. तुझं रक्त त्यांनी नळीत ठेवलं होतं, त्यावर साचलेलं पिवळसर पाणी सुईत घेतलं आणि माझ्या डाव्या हाताच्या कातडीखाली चार ठिकाणी थेंब थेंब सोडलं. शाईनं भोवती गोल केले. म्हणाले, आता एक दिवस जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी आईच्या लाडवातली गोडंबी निवडून खलात घोटली, तिचं पाणी केलं, आणि आधी माझ्या उजव्या हातावर, जिथं तुझं काही नव्हतं तिथं, सुईनं ओरखडून लावलं. काही नाही. मी दादांकडे बघून हसलो. हसलो, हे लिहायला हवं. मग तेच पाणी डाव्या हातावरच्या पहिल्या गोलात लावलं.

आधी खाज सुटली. मग तिथली कातडी पांढरी होऊन वर आली, भोवती लाल कडं पसरलं, शाईच्या गोलाच्या बाहेर गेलं. तुझ्या गळ्यावर बारशाला उठली होती तशीच गांध, तशीच कडा. दुसऱ्या गोलात काजूचं पाणी लावलं, तीच गत. तिसऱ्यात तिळाचं लावलं, तिथं काही झालं नाही. चौथी जागा त्यांनी तशीच ठेवली. म्हणाले, पुढं गरज पडली तर असू द्या.

मी म्हणालो, "पण लाडवात काजू नव्हता हो डॉक्टर."

ते म्हणाले, "नव्हताच. बिब्बा आणि काजू एकाच कुळातली झाडं आहेत. बाईंनी त्या बर्फीच्याही आधी कधीतरी काजू खाल्ला असेल, तेव्हा काही झालं नसेल. पण शरीरानं त्याला शत्रू म्हणून ओळखून ठेवलं आणि त्याच्यासाठी रक्तात एक द्रव्य तयार केलं. अँटिबॉडी म्हणतात त्याला. देवीची लस टोचल्यावर राखण करणारी द्रव्यं होतात ना, त्यातलाच हा प्रकार, पण इथं राखण भलत्याच गोष्टीची. तो पदार्थ पुन्हा पोटात गेला की हे द्रव्य त्याला धरतं आणि कातडीत, घशात, छातीत एकदम सूज सुटते. गोडंबीचा चेहरा काजूसारखा आहे. त्याला दोघांतला फरक कळत नाही."

आमच्या कोर्टात एकदा चोराच्या भावाला साक्षीदारांनी शपथेवर ओळखलं होतं. सगळे खरं बोलत होते आणि माणूस दुसराच होता. त्याचं बयान मीच लिहून घेतलं होतं.

मी विचारलं, "मनाच्या धास्तीनं होत नसेल हे?"

डॉक्टरांनी माझा हात उचलून माझ्याच डोळ्यांपुढं धरला. "तुम्हाला कसली धास्ती होती?"

पुढची गोष्ट तुला सांगायचीच म्हणून हे पत्र. दवाखान्यातून येताना दादा म्हणाले, "दाजी, झालं ते झालं. चूक तुमच्या आईची न्हाई, आमच्या सुमीची बी न्हाई. दुसऱ्यांदा मात्र तिनं उगं खाल्ला. मला म्हणाली, मीच हट्टानं खाल्ला, सासूबाईंच्या नावावरचा बट्टा निघावा म्हणून. लहानपणापासून अशीच हाय ती. तुमी तरी कुठवर आवरणार?"

मी मान हलवली.

गोदावरीच्या पुलापर्यंत आम्ही बोलत गेलो, आणि मी त्यांना काही सांगितलं नाही. म्हणजे तू त्यांना सांगितलेलंच नाहीस. इतके दिवस मला वाटत होतं, नांदेडला सगळ्यांना कळलंय, म्हणून मी आधीच कडक पत्रं लिहून ठेवत होतो. तू माझ्यावर पांघरूण घातलंस आणि मी ते अंगाभोवती घट्ट ओढून घेऊन गाडीत बसलो. तू हट्टानं खाल्ला नव्हतास. याहून जास्त आज लिहवत नाही.

डॉक्टरांनी बजावलंय: काजू, गोडंबी, बिब्बा वर्ज्य. पिस्ता त्याच कुळातला, तोही नको. आंबाही त्याच कुळातला, पण तो तू जन्मभर खात आलीस, त्याचं भय नाही. पद्मीला यांतलं काही इतक्यात चाटवूही नकोस.

उद्धव


परभणी,
फाल्गुन शुद्ध सप्तमी

सुमंगला,

आईला मी सगळं सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही. "सुईनं टोचल्यावर कुणाचा बी हात सुजंल. त्यात काय मोठं? माझ्या लाडवानं न्हाई सुजला तो."

मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. चौथ्या जागेत तुझं रक्तातलं पाणी तसंच होतं, महिना-दीड महिना राहील म्हणाले होते. आणि गोडंबी पोटातून गेली तरी रक्तातून फिरत तिथं पोचेल. मी म्हणालो, "आण लाडू. सुई नाही, डॉक्टर नाही. तुझ्यासमोर खातो."

दुपारची वेळ होती, उन्हात वाळवण घातलेलं. कडूबाई, तुझं बाळंतपण केलेली आपली सुईण, पायरीवर बसली होती. आईनं डबा आणला. मी बाही वर केली, हात मांडीवर ठेवला आणि लाडू खाल्ला. चांगला झालाय तो लाडू. तुला कधी नीट चव घेता आली नाही म्हणून सांगतो.

आई वाळवण हलवायला उठली, परत येऊन बसली. बराच वेळ काही नाही. "बघ," ती म्हणाली. आणि मग खाज सुटली. मी हात लावला नाही. शाई केव्हाच पुसली गेली होती, पण ती जागा आपोआप वर आली, बाकीचा हात कोराच राहिला.

कडूबाई म्हणाली, "अगं माय! हे तर सुमंगलाबाईचंच हाय. तिच्या पाठीवर म्या पाह्यलं व्हतं की."

आई खूप वेळ त्या जागेकडे बघत होती. तिनं त्यावर बोट ठेवलं. तिच्या बोटांवर बिब्ब्याचे काळे डाग अजून आहेत. मला वाटलं, ती स्वतःची बाजू मांडील. ती म्हणाली, "म्या इख न्हाई घातलं रे. पण तिला ते इखच झालं." मग थोड्या वेळानं, "पहिल्यांदा आपल्याला ठावं नव्हतं. दुसऱ्यांदा ती नको म्हणत व्हती, उद्धवा. तू तिचे हात धरलेस. म्या बघत व्हते, अन् गप बसले. माझ्या नावावरचा बट्टा निघायलाय म्हणून गप बसले."

कडूबाई उठून चुलीकडे गेली.

म्हणून आता लिहितो. तू म्हणत होतीस, "नको, माझा जीव जाईल." पद्मी तुझ्या मांडीवरून कडूबाईनं उचलून घेतली, कारण मी तिला तसं सांगितलं. मी तुझी दोन्ही मनगटं एका हातात धरली आणि दुसऱ्या हातानं लाडू तुझ्या तोंडात कोंबला, आणि बायकांकडे वळून म्हणालो, "बघा, काही होतंय का." तुझा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. ओठ काळेनिळे पडले. कडूबाई तुला कुशीवर वळवून देवांची नावं घेत होती, आणि मी म्हणालो, "पुरे आता नाटक." तू शुद्धीवर यायच्या आधी म्हणालो. तुला ऐकू गेलं का ते मला माहीत नाही. बाकी सगळ्यांना गेलं.

याला मी पहिल्या पत्रात थोडा त्रास म्हणालो होतो.

मला फार लाज वाटते. याहून चांगला शब्द सापडला तर पुढं लिहीन.

उद्धव


परभणी,
चैत्र वद्य षष्ठी, शके १८६७

सुमंगला,

तुझं पोस्टकार्ड आलं. चारच ओळी. "पद्मी कुशीवर वळते. दादा म्हणतात, अक्षय्य तृतीयेला मला पोचवायला येतील. सासूबाईंना नमस्कार. मी ठीक आहे." तुला यायचं आहे की नाही, हे त्यात कुठं नाही. मी मागूनपुढून वाचलं.

आधी आईचं. परवा चैत्रगौरीचं हळदीकुंकू केलं. तिला आता सगळ्याचीच धास्ती. कैरीची डाळ वाटता वाटता थांबली, "आंबा चालतो ना रे तिला? नक्की ना?" असं मला तीनतीनदा विचारलं, जणू तू माजघरातच बसली आहेस. बारशाच्या, सव्वा महिन्याच्या सगळ्या बायका बोलावल्या होत्या. काही आल्या, काही मजा बघायला आल्या. हळद लावून झाल्यावर आई उभी राहिली. पदर सावरला. म्हणाली, "माझ्या सुनेनं विचारलं व्हतं, लाडवात काय घातलंय. खरंच विचारलं व्हतं तिनं. माझ्या लाडवानंच झालं ते. तिला खोटं पाडलं ते आम्ही."  मग एकीनं डाळीची वाटी पुढं केली, "अजून वाढा," म्हणाली, आणि तिथंच बसून खाल्ली. आई आत येऊन रडली. मी सोप्यात होतो. पुरुषांनी त्या वेळी आत जाऊ नये, या रिवाजाचा मला पहिल्यांदाच उपयोग झाला.

ती जे बायकांत बोलली ते मी अजून कुठं बोललो नव्हतो.

काल सकाळी मी मुद्दाम गोडंबी मागितली. मूठभर खाल्ली. बाही वर करून खिडकीत बसलो. हाताला काही झालं नाही. कातडी साफ, रंगही सारखा. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, उसनं आणलेलं आहे, विरून जाईल. तरी मी कोर्टाची वेळ टळेपर्यंत बसून राहिलो. खाज सुटावी म्हणून जागा चोळूनही पाहिली. तुझं जे माझ्यात होतं ते गेलं. आता कुणी तुझ्यापुढं काही ठेवलं तर माझा हात मला सांगणार नाही. मी पुन्हा पौषातला माणूस झालो, ज्याला काहीच होत नाही. त्याची मला भीती वाटते.

म्हणून आज दोन पत्रं टाकतो आहे. दुसरं दादांच्या नावानं आहे. त्यात सव्वा महिन्याच्या दिवसाचं सगळं लिहिलंय, मनगटं, लाडू, नाटक म्हणालो ते, आणि गोदावरीच्या पुलाकडे जाताना त्यांनी विचारलं तेव्हा मी मान हलवली तेही. ते तुला पोचवायला निघाले आहेत ते मी कोण आहे हे न कळता निघाले आहेत. पत्र वाचून ते येणार नाहीत, कदाचित मला पुन्हा दारात उभं करणार नाहीत. तू इतके दिवस जे झाकलंस ते मी उघडं करतोय, याचाही तुला राग येईल. येऊ दे. तुझ्या भावापुढं तू हट्टी ठरावीस आणि मी सोशिक, हे मला आता सोसत नाही.

तुला यायचं नसेल तर येऊ नकोस. यायचं असेल तर तू ये, कुणी आणू नये. मी बोलावत नाही, कारण मागच्या वेळी तू नको म्हणालीस ते मी ऐकलं नव्हतं. या खेपेला ऐकायचंय.

बिब्ब्याची झाडं तोडू का, असं मुंजाजीनं विचारलं. मी म्हणालो, झाडांनी काय केलंय.

पद्मी कुशीवर वळते हे तू लिहिलंस, त्याबद्दल उपकार मानतो. कोणत्या कुशीवर, ते जमलं तर कळव.

उद्धव